नालवाडीच्या शेडमधलं विमान

माझा नवरा वारला त्या वर्षी आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक विमान होतं. सुटं केलेलं. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी फारसं सांगत नाही. एका माणसाला बसता येईल एवढंच ते होतं. कारखान्यातलं नाही, हिंगणघाटच्या एका गिरणी-इंजिनिअरनं परदेशातून नकाशे मागवून स्वतःच्या हातानं बांधलेलं. नागपूरच्या मैदानावरून ते काही वर्षं उडालं, मग एकदा उतरताना कलंडलं आणि गोदामात धूळ खात पडून राहिलं.

माझा नवरा हवाई दलात फिटर होता. विमानाचा सांगाडा तपासणं आणि दुरुस्त करणं हे त्याचं काम. पंधरा वर्षांची नोकरी संपवून तो नालवाडीला घरी आला आणि त्याला या विमानाची बातमी कुठून तरी लागली. हिंगणघाटला जाऊन तो त्या इंजिनिअर साहेबांना भेटला, मी दुरुस्त करून देतो म्हणाला, आणि महिन्याभरात ट्रकमधून ते घरी घेऊन आला. मी त्याला समोर 'तुम्ही' म्हणायचे, पण आठवणीत तो 'तो'च येतो, म्हणून तसंच लिहिते.

दोन वर्षं तो त्याच्यावर काम करत होता. त्याची पद्धत ठरलेली होती. तुकडा सोडवायचा, जुना रंग खरवडायचा, उघड्या लोखंडावर तडा, गंज, वाक काही आहे का ते बघायचं, मग प्रायमर, मग रंग. प्रत्येक तुकड्याला तारेनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असायची. तपासून झालं की तो तीवर 'ठीक' लिहायचा, खाली तारीख आणि सही. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत तो काविळीनं गेला. डोळे पिवळे दिसल्यापासून अकराव्या दिवशी.

त्याच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दोन दिवसांनी मी कामावर रुजू झाले. मी वर्ध्याला हिवतापाच्या कार्यालयात लॅब टेक्निशियन होते. गावोगावहून रक्ताच्या काचपट्ट्या यायच्या, त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. एका काचेचे शंभर फील्ड. फील्ड म्हणजे एका वेळी डोळ्यासमोर येणारा गोल तुकडा. त्या वर्षांत हिवताप फार होता, काचांचे डबे कधी संपत नसत. सोबतच्या बाया म्हणायच्या, आणखी थोडी सुट्टी घे. सुट्टी घेऊन काय करायचं हे मला सुचत नव्हतं. मी रडत नव्हते. डब्यातली पोळी खायचे, पण भाजी कशाची होती हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सायकलवर घरी यायचे आणि मधला रस्ता आठवायचा नाही.

घरी मी आणि सासू. सासूला आमच्यात मामी म्हणतात. एकुलता एक मुलगा गेला, पण तिनंही घरातलं काम थांबवलं नव्हतं. एप्रिलात एके दिवशी ती म्हणाली की शेड रिकामी करून घेऊ, पावसाआधी जळणाला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या भरून ठेवता येतील. त्याच आठवड्यात साहेबांचं पोस्टकार्ड आलं. घडलेलं उशिरा कळलं, येत्या रविवारी येतो, विमानाचे भाग घरात अडचण करत असतील तर नेण्याची व्यवस्था बघतो, असं त्यात होतं.

ते पॅसेंजरनं आले. सत्तरी ओलांडलेली, पांढरी पँट, पांढरा शर्ट, हात कापणारे. आधी मामीसमोर बसले. मग मी त्यांना शेडमध्ये नेलं. तो गेल्यापासून मी ते दार उघडलं नव्हतं. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेला होता. भिंतीला लाकडी पंख टेकवलेले आणि फळ्यांवर तुकडे ओळीनं मांडलेले. एका बाजूला रंग झालेले, राखाडी. दुसऱ्या बाजूला जुना रंग काढून नुसतं तेल लावून ठेवलेले, उघडे.

साहेबांनी उघड्या तुकड्यांवर बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. तांबूस झालं होतं.

“तेल किती दिवस टिकणार,” ते म्हणाले. “पावसाळ्याआधी यांना प्रायमर बसला नाही तर दोन वर्षांची मेहनत गंजून जाईल. माझा हात आता स्थिर राहत नाही. नागपूरला कोणी मिळतो का बघतो.”

“मी करते,” मी म्हणाले.

मी तसं का म्हणाले हे मलाही कळलं नाही. त्याची इच्छा पुरी करावी वगैरे असं काही मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. हाताला काम हवं होतं एवढंच असेल.

पुढच्या रविवारपासून साहेब दर आठवड्याला येऊ लागले. स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचे. आधी तेल पुसायचं, थिनरनं तुकडा धुवायचा, मग पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं चमकेपर्यंत घासायचं. घासलेल्या जागेला पुन्हा उघडं बोट लावायचं नाही, बोटाचा घाम प्रायमरखाली गंज धरतो. मग तपासणी. भिंग आणि बॅटरी घेऊन बघायचं. तडा कुठे असतो ते त्यांनी दाखवलं: वेल्डिंगच्या कडेला, बोल्टच्या भोकाजवळ, जिथे पत्रा वळतो तिथे. मधल्या सपाट जागेवर सहसा नसतो, पण बघायची तीही. शंका आली की त्या जागेला रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड चोळायची. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते.

हे मला जमलं. काच बघताना आम्ही एका टोकाकडून सुरू करतो, सरळ दुसऱ्या टोकापर्यंत जातो, थोडं खाली सरकतो आणि उलट परततो, म्हणजे कुठलीही जागा सुटत नाही. मी तुकडे तसेच बघायचे. साहेबांनी एकदा विचारलं की एवढ्या सावकाश बघायला कोणी शिकवलं. मी सांगितलं, नोकरीच आहे.

स्प्रे गन आणि हवेचा पंप नागपूर रोडवर ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्या एका माणसाकडून भाड्यानं आणला. पहिल्या दिवशी मी आठ वाजता सुरू केलं आणि सगळं वाया गेलं. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात प्रायमर गनमधून निघून लोखंडापर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळत होता आणि तुकड्यावर भुकटी होऊन बसत होता. हात फिरवला की झडायचा. पुन्हा थिनर, पुन्हा घासणं. त्यानंतर मी पहाटे पाचला उठू लागले. कडुलिंबाच्या फांदीला तारेनं तुकडे टांगायचे, तोंडाला त्याचा जुना रुमाल बांधायचा आणि ऊन येण्याआधी हात मारून घ्यायचा. प्रायमर पिवळा, हिरवट झाक असलेला. जाड थर द्यायचा नाही, साहेब बजावायचे, खालचं लोखंड किंचित जाणवलं पाहिजे, जाड थर वजन वाढवतो आणि पुढे सोलून निघतो. आडवा हात, मग उभा हात. तुकड्याच्या कडेपलीकडे जाऊन मगच गनचा घोडा सोडायचा, नाहीतर कडेला रंग साचून ओघळतो.

मामी उंबऱ्यात बसून कोंबड्या हाकलायची, ओल्या रंगाजवळ जाऊ नयेत म्हणून. आठवडाभर तिनं काही विचारलं नाही. मग एका सकाळी म्हणाली, “तू काऊन करून राह्यली हे?”

“मले नाई माहीत, मामी.”

“बरं,” ती म्हणाली. पऱ्हाट्यांचा विषय तिनं परत काढला नाही.

आसपासची माणसं कुंपणाशी उभी राहून बघायची. बाईमाणूस विमान रंगवते याची चर्चा पार आर्वी नाक्यापर्यंत गेली असं ऑफिसातल्या शिपायानं सांगितलं. मला त्याचं ना वाईट वाटलं ना बरं. सात वाजता रुमाल सोडायचा, अंघोळ करायची आणि सायकलनं कामावर. नखात पिवळं राहून जायचं. दिवसभर काचा बघायच्या, संध्याकाळी पॉलिश पेपर. त्या दोन महिन्यांत मी माझ्या स्वतःबद्दल काही विचार केला असेल असं मला आठवत नाही.

उघड्या तुकड्यांचं काम मेच्या अखेरीस संपत आलं. त्यानं रंगवून ठेवलेल्या तुकड्यांना हात लावायची गरज नाही असं साहेब म्हणाले होते. 'ठीक' लिहिलेलं आहे, तो माणूस अंदाजानं लिहिणारा नव्हता. मी फक्त धूळ बसू नये म्हणून ते पुसून कापडात गुंडाळत होते. त्यात एक पोलादी तुकडा होता, माझ्या पंजाएवढा. पंखाला खालून आधार देणारी तिरकी दांडी सांगाड्याला ज्या ठिकाणी जोडतात, तिथला. पुसताना त्याच्या राखाडी रंगावर एक केस दिसला. ब्रशचा केस रंगात अडकतो कधी कधी. मी नखानं काढायला गेले. तो निघाला नाही.

भिंग आणलं. वेल्डिंगच्या कडेनं जाणारी बारीक रेघ होती, बोटाच्या पेराएवढी लांब. थिनरनं तेवढ्या जागेचा रंग काढला, मग प्रायमर काढला. रेघ खाली लोखंडातही होती. रॉकेल लावलं, पुसलं, खडू चोळला आणि बसून राहिले. थोड्या वेळानं खडूवर काळी रेघ आली.

मग मी चिठ्ठी वाचली. 'ठीक'. सही. तारीख.

ती तारीख मला पाठ होती. तिच्या आदल्या दिवशी त्याला ताप होता, अंग दुखत होतं, जेवण नको म्हणत होता. मी त्याचं बोट टोचून काचेवर रक्त घेतलं आणि ऑफिसात नेऊन स्वतः बघितलं. शंभर फील्ड. हिवताप नव्हता. संध्याकाळी घरी येऊन मी त्याला सांगितलं की काही नाही, रक्त स्वच्छ आहे, दमले असाल. तो हसला आणि म्हणाला, मग उद्या कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेला आणि तापात असताना त्यानं हा तुकडा तपासला. त्यानंतर तीन दिवसांनी त्याचे डोळे पिवळे दिसले.

त्या काचेचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं की ताप केव्हापासून, तेव्हा मी दिवस सांगितले होते, काचेचं बोलले नव्हते. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, हे मी विचारलंही नव्हतं. तुकडा हातात घेऊन मी तिथे किती वेळ बसले सांगता येत नाही. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तुकडा कापडात गुंडाळला, वेगळा ठेवला आणि कामावर गेले.

गप्प बसणं सोपं होतं. प्रायमरचा एक हात, वरून राखाडी रंग, कोणाला दिसलं नसतं. हा विचार मनात आला होता हे मी लपवत नाही. रविवारी साहेब आले तेव्हा मी तुकडा चिठ्ठीसकट त्यांच्यापुढे ठेवला आणि बाजूला झाले.

त्यांनी भिंगातून बघितलं. हात कापत होते म्हणून दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली. मग ते म्हणाले, “हे वेल्डिंग माझं आहे, बाई. यांच्या हातून सुटलं ते नंतरचं. मी याच तुकड्यावर भरवसा ठेवून चार वर्षं उडालो.”

मग त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठीवरची तारीख वाचली आणि सांगितलं की त्याच्या आजाराच्या पंधरवड्यातल्या तारखा असलेला प्रत्येक तुकडा पुन्हा उघडावा लागेल. मी म्हणाले, पंधरवड्यातलेच का, सगळेच उघडते. रंग झालेले एकंदर चाळीसेक तुकडे होते. ते नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिला तुकडा घेऊन बसले. रंग काढायचं औषध लावलं की राखाडी थर सुरकुत्या पडून फुगायचा आणि पत्र्याच्या पट्टीनं ओढला की पापुद्रे निघायचे, खालचा पिवळाही त्याबरोबर. त्यानं हात सपाट मारला होता, कुठे ओघळ नव्हता. माझ्यापेक्षा चांगलं काम होतं. मामी कोंबड्या सोडून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“त्यानं लावलेला रंग कायले खरवडून राह्यली?”

“खालचं लोखंड पाहा लागते, मामी.”

“त्यानं पाह्यलं होतं ना?”

“पाह्यलं होतं. पण एका जागी राह्यलं.”

“दाखव मले.”

मी तडा गेलेला तुकडा आणला. तिला डोळ्यांनी दिसेना. मग मी तिचं अंगठ्याचं नख त्या रेघेवरून आडवं फिरवलं. नख अडकलं. तिनं स्वतःहून पुन्हा एकदा फिरवलं.

“ताप होता त्याले तवा,” ती म्हणाली.

“होता.”

“तू पाह्यलं होतं ना रक्त?”

तिला ते माहीत होतं. बोट टोचताना ती घरातच होती, आणि मी हे विसरून गेले होते.

“पाह्यलं होतं,” मी म्हणाले. “हिवताप नव्हता. म्या तेवढंच पाह्यलं, मामी. दुसरं काई पाह्यलं नाई. अन् त्याले सांगतलं का काई नाई म्हणून.”

ती माझ्याकडे बघत नव्हती, तुकड्याकडे बघत होती. मी वाट बघत राहिले. ती मला बोलली असती, मारलं असतं तरी चाललं असतं, असं त्या क्षणी वाटलं. पण तिनं तुकडा फडक्यावर ठेवला, नीट, जिथून मी उचलला होता तिथे.

“तो बी तेवढंच पाहे,” ती म्हणाली. “जे समोर दिसे ते. चहा ठेवतो.”

त्यानंतर ती रोज माझ्यासोबत बसू लागली. औषधानं हात जळतात म्हणून मी तिला रंग काढू द्यायचे नाही, पण पॉलिश पेपर तिनं घेतला. आयुष्यभर तिनं कापूस वेचला होता, निंदण केलं होतं, तिच्या बोटांना कंटाळा माहीत नव्हता. घासता घासता कधी त्याच्या लहानपणीचं काही सांगायची. मी ऐकायचे. बऱ्याचदा ऐकून काहीच वाटायचं नाही, आणि तिलाही माझ्याकडून काही नको असावं.

जून आणि जुलै त्यातच गेले. पाऊस असला की स्प्रे मारायचा नाही, दमट हवेत रंगावर पांढरी साय धरते. उघडीप मिळाली की दोन-तीन तुकडे उरकायचे. चाळीसच्या चाळीस तुकडे मी दोनदा बघितले, एकदा भिंगानं, एकदा रॉकेल-खडूनं. दुसरा तडा कुठेच निघाला नाही. बाकी सगळं त्यानं बरोबर बघितलं होतं. शेवटचा तुकडा स्वच्छ निघाला त्या सकाळी मी मामीला तसं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि घासायला पुढचा तुकडा मागितला. आता संपले, असं सांगावं लागलं.

तडा गेलेल्या तुकड्याच्या जागी साहेबांनी हिंगणघाटला स्वतः उभं राहून नवा करवून घेतला. माझ्या चिठ्ठ्यांवर काय लिहायचं असं मी त्यांना विचारलं होतं. 'ठीक' लिहायला माझा हात होत नव्हता. ते म्हणाले, जे केलं ते लिहा. म्हणून मी लिहिलं: भिंगानं बघितलं, रॉकेलनं बघितलं, तडा दिसला नाही. दिवाळीनंतर ट्रक आला. सांगाडा, पंख, गोधड्यांत बांधलेले तुकडे, सगळं नागपूरला गेलं. शेड रिकामी झाली आणि मामीनं तिच्यात पऱ्हाट्या भरल्या.

मला वाटलं होतं ते आता संपलं. पण ब्याऐंशीच्या हिवाळ्यात साहेबांचा नातू बोलावणं घेऊन आला. विमान जोडून झालं होतं, परवानगी मिळाली होती, रविवारी सकाळी पहिल्यांदा उडणार होतं. मी जाणार नव्हते. मामी म्हणाली, जाऊ.

मैदानावर पंधरा-वीस माणसं होती. विमान पांढरं रंगवलेलं होतं, शेपटीवर निळा पट्टा. मी ओळखलं नाही. मी रंगवलेले सगळे तुकडे कापडाच्या आत झाकले गेले होते. बाहेरून एकही दिसत नव्हता. साहेब खुर्चीवर बसले होते, त्यांना आता उभं राहवत नव्हतं. उडवणारा वैमानिक तरुण होता. साहेबांनी त्याला माझ्याकडे बोट दाखवून काही सांगितलं, तेव्हा तो जवळ आला, मला नमस्कार केला आणि गेला. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. नवे होते.

इंजिन सुरू झालं तशी मामी माझ्या जवळ सरकली. विमान गवतातून उसळत लांब गेलं, वळलं आणि आमच्या दिशेनं धावत आलं. तिनं माझं मनगट धरलं. चाकं जमिनीवरून सुटली तशी तिची पकड घट्ट झाली. विमान झाडांच्या वर गेलं, उजवीकडे कललं, त्याचा सगळा भार त्या तिरक्या दांड्यांवर आला असणार. माझं मनगट दुखत होतं, खूप दुखत होतं, आणि ते दुखतंय हे मला स्पष्ट कळत होतं. मी हात सोडवून घेतला नाही.

विमानानं मैदानाला तीन फेऱ्या मारल्या आणि ते उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामीनं माझा हात सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि वर्ध्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.